‘जमघट’ सगळ्यांनी खेळला

माझी नोकरी तक्रारी ऐकायची होती. दारावरच्या पाटीवर ‘सर्विस इंजिनियर’ असं लिहिलेलं होतं, आणि नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन आलेल्या मला सुरुवातीला त्या पाटीचा अभिमानही वाटायचा. पण लखनौत माणूस तक्रारसुद्धा थेट करत नाही. आधी तुमची तब्येत विचारणार, मग घरच्यांची, मग उन्हाळा यंदा जास्त आहे की कमी यावर बोलणार आणि उठता उठता आठवल्यासारखं म्हणणार, “बस, ज़रा सा एक मसला है।” त्या ‘ज़रा सा’मध्ये अख्खं मशीन जळालेलं असायचं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. माझे यजमान तिथल्या औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. आम्ही अलीगंजमध्ये भाड्याने राहत होतो आणि घरापासून पायी जाता येईल अशा बाजारात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, आमची कंपनी होती. मालक भटनागरसाहेब. आधी रेडिओचे सुटे भाग विकायचे, आता घरगुती संगणक विकत होते. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गेट आणि चौकीदार येतो. आमच्याकडे एक जिना, तीन खोल्या आणि खालून सतत येणारा तुपाचा वास होता.

आजच्या वाचकाला सांगायला हवं की तो संगणक म्हणजे नुसता एक कीबोर्डचा डबा असायचा. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि खेळ यायचा कॅसेटवर. हो, गाण्यांच्या असायच्या त्याच कॅसेटवर. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला लावायची, बटण दाबायचं आणि चहा होईपर्यंत वाट बघायची. तेवढ्या वेळात कॅसेटवरचा आवाज संगणकात उतरायचा आणि त्याचा खेळ व्हायचा. चुकून तो आवाज कुणी स्पीकरवर ऐकला तर कानांवर हात ठेवून पळायचा, इतका कर्कश. टेपरेकॉर्डरच्या ज्या भागावरून फीत सरकते त्याला हेड म्हणतात. ते केसभर तिरकं असलं तरी गाणं छान ऐकू येतं, खेळ मात्र उतरत नाही. हेडशेजारचा एक बारीक स्क्रू फिरवून ते सरळ करायचं, आणि ते करताना कर्कश आवाज कधी ‘स्वच्छ’ होतो हे कानाने ओळखायचं, ही माझी सगळी विद्या. आमच्याकडे पाहुणे आले की यजमान सांगायचे, “हिने गाणं शिकायला हवं होतं, कान चांगला आहे.” मला ते अजिबात आवडायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार रडायला लागले तर वाचकांनी ती लक्षात ठेवावी. आमचं मशीन एका परदेशी मशीनची हुबेहूब नक्कल होतं. दिल्लीहून सुटे भाग आणून जोडलेलं. आणि प्रत्येक मशीनबरोबर परदेशी खेळांच्या भरलेल्या कॅसेटी फुकट दिल्या जात. ते खेळ कुठल्या गावात कुणी बसून लिहिले, त्यांना आमच्याकडून काही जायला हवं का, हा प्रश्न जिन्याच्या वर कुणाला पडला नव्हता. लेबल छापायची वेळ आली तेव्हा भटनागरसाहेबांनी त्यांना ‘मनोरंजन एक’, ‘मनोरंजन दो’ अशी नावं देऊन टाकली. तर खेळ हा मशीनबरोबर फुकट येतो, हे या शहराला आम्हीच शिकवलं.

इम्तियाज आमच्याकडे आला तो तक्रार घेऊनच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होता, पंचविशीचा असेल. सडसडीत, इस्त्रीचा शर्ट, बोलताना नजर खाली. तब्येत-हवा सगळं यथासांग विचारून झाल्यावर म्हणाला, “दीदी, ‘मनोरंजन दो’ में जो किले वाला खेल है, उसका आख़िरी दरवाज़ा खुलता ही नहीं। लिखने वाले से चूक हो गई है।”

मी म्हटलं, “हम क्या कर सकते हैं? हमने तो लिखा नहीं।”

“जी नहीं, मैंने ठीक कर दिया है। सोचा आपको दे दूँ, दूसरों के भी काम आएगा।”

त्याने खिशातून कॅसेट काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी लावून पाहिली. दरवाजा उघडला. मी भटनागरसाहेबांना हाक मारली आणि तिथून सगळं सुरू झालं.

इम्तियाजला स्वतःचा खेळ लिहायचा होता. भटनागरसाहेबांना आमच्या मशीनसाठी एक तरी आपला, इथला खेळ हवा होता. दोघांचं जमलं. ठरलं असं की इम्तियाजने खेळ लिहायचा आणि प्रत्येक विकलेल्या कॅसेटमागे त्याला वाटा मिळायचा. अडचण घरी होती. त्याचे वडील त्याच एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, त्यांनीच शब्द टाकून मुलाला चिकटवलेलं. सरकारी नोकरी सोडून पोरगा ‘बच्चों के खेल’ लिहिणार म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. शेवटी वडिलांनी एका वर्षाची मुदत दिली. वर्षभर बिनपगारी रजा घे. खेळावर घर चालवून दाखव, मग राजीनामा दे, मी एक शब्द बोलणार नाही. नाही चाललं तर गुपचूप एक्स्चेंजला परत जायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. इम्तियाजने हे मला अगदी शांतपणे सांगितलं. मला मात्र तेव्हाच धास्ती वाटली, कारण लोक फुकट मिळालेल्या खेळांच्या तक्रारी घेऊन येतात, खेळ विकत मात्र कुणी मागत नाही, हे मी रोज बघत होते.

खेळाचं नाव ‘जमघट’. लखनौबाहेरच्यांना सांगते. आपल्याकडे पतंग संक्रांतीला उडतात, तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवसाला जमघट म्हणतात. अख्खं शहर गच्चीवर. मांजाला मांजा घासून पतंग काटायचे, आणि काटलेला पतंग तरंगत खाली येऊ लागला की गल्ल्यांतून, कौलांवरून, भिंतींवरून लोक त्याच्यामागे धावणार. ज्याच्या हाती लागला त्याचा. मग तो मूळ कुणाचा होता हे कुणी विचारत नाही, आणि ज्याचा होता तोही मागायला येत नाही. मागितला तर चारचौघांत त्याचीच शोभा होते. मी लखनौत नवीन असताना आमच्या गच्चीवर पडलेला एक पतंग शेजारच्यांना परत नेऊन दिला होता. त्यांनी घेतला, पण नंतर कितीतरी दिवस त्यांच्या घरात माझ्यावर हसत होते.

इम्तियाजच्या खेळात हे सगळं होतं. ढील द्यायची, खेचायचं, वारा फिरला की पतंग गोते खायचा. पतंग काटला की गुण मिळत, पण काटलेला पतंग लुटला की जास्त. भटनागरसाहेब म्हणाले, उलट हवं, काटायला कसब लागतं. इम्तियाजने मान हलवली. “साहब, काटना तो हुनर है, मगर मज़ा लूटने में है। बच्चे उसी के लिए दौड़ते हैं।” काटल्यावर पडद्यावर ‘वो काटा!’ अशी नागरी अक्षरं उमटत. त्या मशीनला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती. ही अक्षरं त्याने आलेखाच्या कागदावर ठिपका ठिपका करून काढली होती. ‘ट’चं वळण त्याच्या मनासारखं होईना, तर त्याने त्यात एक आठवडा घालवला. मी पहिल्यांदा टीव्हीवर ती अक्षरं पाहिली तेव्हा मला खरंच भरून आलं. आपण नुसतं दुसऱ्याचं जोडत बसलो नाही, असं त्या जिन्यावरच्या तीन खोल्यांत पहिल्यांदा वाटलं.

दिवाळीच्या आधी ‘जमघट’ बाजारात आला. वेष्टनावर इम्तियाजचं नाव छापलं होतं. पहिले काही दिवस कॅसेटी भराभर गेल्या. इम्तियाज रोज संध्याकाळी यायचा, काही विचारायचा नाही, नुसता कपाटातल्या उरलेल्या ढिगाकडे बघायचा. ढीग कमी झालेला असला की खालून सगळ्यांसाठी इमरती मागवायचा. आणि त्याच दिवसांत तो दुसऱ्या खेळाला लागला. ‘इक्का’. घोड्याचा टांगा घेऊन चारबाग स्टेशनपासून जुन्या शहरातल्या ‘चौक’ बाजारापर्यंत सवारी पोचवायची, मध्ये म्हशी, रिक्षा, वरात. चारबागचे घुमट त्याने काढून आणून दाखवले. काय सुंदर होते.

मग ढीग कमी होईनासा झाला. तक्रारी मात्र वाढत चालल्या. धंदा बुडतोय हे मालकाला हिशेबावरून कळतं, मला ते तक्रारींवरून कळलं. आम्ही विकल्या त्यापेक्षा जास्त ‘जमघट’ माझ्याकडे दुरुस्तीला येऊ लागले. कुणाच्या कॅसेटवर गझलांचं लेबल खोडून ‘जमघट’ लिहिलेलं, कुणाच्या कॅसेटमध्ये खेळ संपल्यावर मागे राहिलेली अर्धी कव्वाली. लोक निःसंकोचपणे ती माझ्यासमोर ठेवत. चोरीचा माल ज्याचा चोरला त्याच्याकडेच दुरुस्तीला आणायचा, हे पोलिसखात्यात कुणी ऐकलं नसेल.

एक बाई आल्या, मोठ्या घरच्या, बरोबर नोकर आणि मिठाईचा डबा. त्यांच्या मुलीने कॅसेटच्या वेष्टनावर हाताने पतंग रंगवले होते, आमच्या छापील वेष्टनापेक्षा कितीतरी देखणे. मी म्हटलं, “ये तो हमारे यहाँ की नहीं है।”

“आप ही का तो बनाया हुआ है,” त्या गोड हसून म्हणाल्या, “हमने तो बस उतार लिया। अब आप ही न ठीक करेंगी तो कौन करेगा?”

मी त्यांच्या टेपरेकॉर्डरचं हेड सरळ करून दिलं. मिठाईचा डबा समोर असताना नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि त्या शहरात कुणातच नव्हती. कुणी कॅसेट मागितली तर नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. त्यामुळे एका घरात आलेली कॅसेट आठवड्याभरात अख्ख्या मोहल्ल्यात पोचायची. कुणीही स्वतःला चोर समजत नव्हतं. सगळे सभ्य लोक.

बाहेरच्यांना काय बोलायचं, आपलेही काही वेगळे नव्हते. आमच्या महाराष्ट्र मंडळात एक शास्त्रज्ञ होते, त्यांना बापट म्हणू. फार हुशार माणूस. त्यांनी केलेले प्रयोग त्यांच्या वरिष्ठाने स्वतःच्या नावावर छापून टाकले होते आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना बापट दरवर्षी ती कहाणी सांगत. मला त्यांचं खरोखर वाईट वाटायचं. तर एका रविवारी बापट घरी आले, हातात कॅसेट.

“वहिनी, हे काही चालत नाहीये. तीनदा लावली. बच्चे लोक परेशान आहेत घरात.”

मी कॅसेट उलटी करून पाहिली. “कुठून आणलीत?”

“अच्छा, ते आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी उतरवून घेतली ना.”

“बापट, हा खेळ एका मुलाने लिहिलाय. त्याचं घर चालायचंय यावर. तुमचं काम दुसऱ्याने घेतलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?”

ते दुखावले नाहीत, गोंधळले. “अहो वहिनी, ते विज्ञान होतं. हा खेळ आहे!”

यजमानांनी स्वयंपाकघरातून मला खूण केली, जाऊ दे. मी जाऊ दिलं. पण त्या वाक्याने मला त्या वर्षातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हताश केलं. कारण बापट खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तो फरक दिसत होता.

भटनागरसाहेबांना अखेर मान्य करावं लागलं की काहीतरी बंदोबस्त हवा. इम्तियाजने उपाय काढला. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर एका पतंगाचं चित्र येणार आणि त्याचा रंग विचारणार. रंग फक्त वेष्टनातल्या छापील कागदावर दिसणार. उत्तर चुकलं की खेळ बंद. इथपर्यंत उत्तम. पण भटनागरसाहेब अडले. “बंद? किसी का बच्चा इतनी देर बैठा इंतज़ार करे और हम उसके मुँह पर दरवाज़ा बंद कर दें? नहीं मियाँ, ये हमसे नहीं होगा।” दोन दिवस वाद झाला. शेवटी चुकीचं उत्तर दिलं की पडद्यावर ‘मेहरबानी करके असली कैसेट ही इस्तेमाल फ़रमाएँ’ अशी ओळ यायची, आणि थोडं थांबून खेळ सुरू व्हायचा. इम्तियाजने ती ओळसुद्धा ठिपक्या ठिपक्याने, सुरेख काढली. लोकांना ती इतकी आवडली की मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन पाहुण्यांना दाखवत.

यावर मी आज हसते. तेव्हा इम्तियाजचं निम्मं वर्ष संपलं होतं.

दुसरा उपाय कडक होता. खेळ कॅसेटवर दुप्पट वेगाने भरायचा. आवाज इतका बारीक होतो की साध्या टेपरेकॉर्डरवर त्याची नक्कल केली तर तो पुसट होतो आणि संगणकाला ओळखता येत नाही. नक्कल बंद झाली. पण साध्या टेपरेकॉर्डरवर मूळ कॅसेटही धड वाजेना! मी आधीच सांगितलं होतं की लोकांच्या घरची हेडं तिरकी असतात, मी रोज तीच सरळ करते. पण नवीन उपायाच्या उत्साहात कोण ऐकतो. ज्यांनी पैसे देऊन खेळ घेतला तेच माझ्या टेबलासमोर रांगेत.

त्यांत एक तिवारीजी होते, शाळामास्तर. त्यांनी मुलीसाठी ‘जमघट’ विकत घेतला होता, कारण ‘मेहनत का पैसा मेहनत करने वाले को मिलना चाहिए’ असं ते म्हणायचे. असं म्हणणारे मला त्या शहरात तेवढेच भेटले. सायकलच्या मागे टेपरेकॉर्डर बांधून ते वारंवार आले. मी स्क्रू फिरवायची, इथे चालायचं, घरी पोचेपर्यंत धक्क्यांनी पुन्हा हलायचं. एकदा आले ते नुसती कॅसेट घेऊन आणि हसत.

“बहन जी, अब आप कष्ट मत कीजिए। लड्डन भाई से एक ले आए हैं, फटाफट चल रही है।” मग आमची कॅसेट हलकेच टेबलावर ठेवून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, “असली वाली में वो बात नहीं है।”

लड्डनभाईंचं दुकान आमच्या जिन्याच्या समोरच्या रांगेत होतं. तेव्हा अशी दुकानं गल्लोगल्ली होती. आवडीची गाणी सांगायची, ते कोऱ्या कॅसेटवर भरून देणार. गाण्यांबरोबर आता खेळही. कुणा शिकलेल्या माणसाने आमचा दुप्पट वेगाचा खेळ संगणकात उतरवून, तिथून साध्या वेगाने पुन्हा कॅसेटवर काढून त्यांना दिला होता. तो कुठल्याही टेपरेकॉर्डरवर चाले. थोडक्यात, आमच्यापेक्षा त्यांचा ‘जमघट’ चांगला होता.

भटनागरसाहेब आणि मी त्यांच्याकडे गेलो. लड्डनभाईंनी उठून खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. गोल चेहऱ्याचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, अत्यंत अदबीचा माणूस. भटनागरसाहेबांनी पाल्हाळ लावून विषय काढला. लड्डनभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि छातीवर हात ठेवला.

“हुज़ूर, क़सम ले लीजिए, खेल का एक पैसा नहीं लेता। कैसेट का दाम और भराई की मेहनत, बस। खेल तो मैं मुफ़्त देता हूँ।”

“मगर खेल तो हमारा है,” मी म्हटलं.

“बेशक आपका है, मैडम। जब तक आपकी डोर में है।” ते मनापासून समजावत होते. “कनकौआ कट के मोहल्ले में आ गया, तो फिर मोहल्ले का। लखनऊ में कोई माँगने थोड़े ही जाता है?”

कनकौआ म्हणजे पतंग. भटनागरसाहेब अस्सल लखनवी होते, आणि मला दिसत होतं की त्यांना हे पटलं आहे. आम्ही चहा पिऊन परत आलो.

मुदत संपत आली तेव्हा एक वयस्कर गृहस्थ ऑफिसात आले. काळी टोपी, हातात छत्री. मला वाटलं ग्राहक. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा कळलं की हे इम्तियाजचे वडील. तब्येतीची विचारपूस त्यांनी केली नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, “बेटी, एक बात सच-सच बताइए। हमारे मोहल्ले में जिस-जिस घर में ये मशीन है, लड़के का खेल चल रहा है। मस्जिद में लोग मुबारकबाद देते हैं। और लड़का कहता है, बिका नहीं। वो हमसे झूठ बोल रहा है?”

मी त्यांना बसवलं. सांगितलं की तो खरं बोलतो. लोक एकमेकांकडून उतरवून घेतात. ते बराच वेळ छत्रीची मूठ चोळत राहिले. या माणसाला मुलगा हरावा असं वाटत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. मुबारकबाद ऐकून तो महिनोन्महिने मनातल्या मनात फुलला होता आणि आता माझ्यासमोर मिटत होता.

“तो सबको पसंद आया,” ते म्हणाले.

“बहुत।”

“पसंद न आता तो समझ में आता।” ते उठले. “ठीक है। एक्सचेंज लौट आए। वहाँ कम से कम तनख़्वाह की कोई नक़ल नहीं उतारता।”

भटनागरसाहेबांनी खेळांचा विभाग बंद केला. व्होल्टेज स्टॅबिलायझर विकायला लागले. लखनौच्या विजेची कृपा, ते भरपूर खपले. मधल्या काळात दोन-तीन मुलं आपापले खेळ लिहून दाखवायला आली होती. त्यातल्या एकीचा, पुलावरून गोमती नदी ओलांडायचा खेळ तर फारच चांगला होता. भटनागरसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. पुढे परदेशी खेळांचा पूर आला, भारतातल्या मुलांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या शहरांतून गाड्या पळवल्या आणि लोक विचारत राहिले, आपल्याकडे कुणी खेळ का बनवत नाही. कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. बनवत होते की. जिन्याच्या वर, मिठाईच्या दुकानावर.

एक्स्चेंजला रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी इम्तियाज ऑफिसात आला. आपले आलेखाचे कागद घेऊन जायला आला असेल असं मला वाटलं, पण ते त्याने मागितलेच नाहीत. म्हणाला, “दीदी, ज़रा लड्डन भाई के यहाँ चलेंगी? बहन की शादी है, गाने भरवाने हैं। मेरी उनसे पहचान नहीं।” मी त्याच्याबरोबर खाली उतरले.

लड्डनभाईंना मी ओळख करून दिली, की ‘जमघट’ लिहिणारे हेच. ते अक्षरशः गल्ल्यामागून बाहेर आले. इम्तियाजचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांना लावले. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, “देखिए, यही हैं वो!” गिऱ्हाइकांनीही हात मिळवले. लड्डनभाईंचे डोळे खरंच पाणावले होते, मी शेजारी उभी होते. “हुज़ूर, बच्चे रोज़ आके पूछते हैं, दूसरा वाला कब आ रहा है? अब तो हम आप ही से पूछेंगे। कब आ रहा है?”

“पहले शादी के गाने भर दीजिए,” इम्तियाज म्हणाला आणि खिशातून कॅसेट काढून दिली.

लड्डनभाईंनी ती सवयीने उलटी करून पाहिली. कॅसेटच्या कडेला दोन बारीक टोकं असतात. आतलं चुकून पुसलं जाऊ नये म्हणून ती मोडून ठेवतात. मग मशीन त्यावर काही भरू देत नाही. या कॅसेटची टोकं मोडलेली होती. “इसमें तो कुछ सँभाल के रखा हुआ है,” ते म्हणाले.

मी पाहिलं. लेबल काढून टाकलेलं होतं, पण कॅसेटवर त्याच्या हाताने कोरलेला लहानसा घोडा होता. तो घोडा मी चारबागच्या घुमटांसमोरून पळताना पाहिला होता. मी म्हटलं, “इम्तियाज, दूसरी कॉपी है ना इसकी?”

“नहीं दीदी,” तो म्हणाला. “इसकी किसी के पास कॉपी नहीं है।”

मी हात पुढे केला. त्याने माझ्याकडे न बघता नकारार्थी मान हलवली आणि लड्डनभाईंना म्हणाला, “कुछ नहीं है इसमें। भर दीजिए।”

लड्डनभाईंनी दोन्ही मोडक्या टोकांच्या जागी चिकटपट्टीचे तुकडे लावले, अंगठ्याने नीट दाबले, कॅसेट मशीनमध्ये घातली आणि भरायचं बटण दाबलं. शहनाई सुरू झाली. आम्ही दोन्ही बाजू भरून होईपर्यंत तिथेच बसलो. लड्डनभाई मधून मधून इम्तियाजकडे कौतुकाने बघत होते.

निघताना इम्तियाजने पाकीट काढलं. लड्डनभाईंनी जीभ चावली, कानाला हात लावला आणि त्याचं पाकीट परत त्याच्या खिशात सरकवलं. कलावंताकडून मेहनतीचे पैसे घेणं आपल्या दुकानात होत नाही, म्हणाले.